कमरेचा एम.आर.आय. अहवाल कसा समजून घ्यावा?

(शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विभागाच्या व्याख्यात्यांनी केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात हरभऱ्याचे बियाणे, ठिबक सिंचन आणि उसावरील हुमणी या विषयांवर तज्ज्ञांनी आपणास मार्गदर्शन केले. माझा विषय थोडा वेगळा आहे. मी कृषिविद्या शिकवतो, वैद्यक शिकलेलो नाही. तरीही कमरेच्या दुखण्यावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचवले, त्याला कारण आहे. माती परीक्षणाचा अहवाल समजून घेण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण आमच्या विभागात येतात. ते बोलणे संपले की पिशवीतून दुसरी एक मोठी फाईल निघते आणि "सर, हेही जरा वाचून सांगा" असे म्हटले जाते. ती कमरेच्या एम.आर.आय.ची असते. अहवाल इंग्रजीत, शब्द अवजड, आणि तो घरात आल्यापासून सर्वांची झोप उडालेली असते.

उपचार सांगणे हे डॉक्टरांचे काम आहे, ते मी करणार नाही. परंतु प्रयोगशाळेचा अहवाल आणि शेतातले पीक यांचा मेळ कसा घालावा, हे आम्ही रोज शिकवतो. तीच दृष्टी या अहवालालाही लावावी लागते, असे मणक्याच्या तज्ज्ञांशी बोलल्यावर आणि वाचन केल्यावर माझ्या ध्यानात आले. तेवढेच आज सांगतो.

एका अहवालाची गोष्ट

२०२३ च्या जानेवारीत माझे चुलतबंधू असाच अहवाल घेऊन आले. वय ४८, साडेचार एकर बागायत, दावणीला एक बैलजोडी आणि तीन म्हशी. कंबर चार वर्षांपासून दुखत होती. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी परस्पर एम.आर.आय. करून घेतला. अहवालात लिहिले होते, की कमरेची कमान सरळ झाली आहे, तीन चकत्यांतील पाणी कमी झाले आहे, एल ४–एल ५ या ठिकाणी चकतीला फुगवटा असून ती मज्जातंतूंच्या पिशवीला टेकते आहे आणि मागच्या सांध्यांची झीज आहे.

गावात एकाने सांगितले, "मणक्यात गॅप पडली." दुसरा म्हणाला, "नस दबली, आता पाय जाणार." आठ दिवसांत दादांनी बैलांचा सौदा ठरवला, जमीन निम्म्या वाट्याने देण्याची बोलणी केली आणि पदविकेला शिकणाऱ्या मुलाला शिक्षण सोडून घरी बोलावण्याचे मनावर घेतले. तोपर्यंत एकाही तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना पलंगावर झोपवून, पाय उचलून तपासलेले नव्हते. केवळ एका कागदावर घरातील तीन मोठे निर्णय उभे राहिले होते. असे अनेक घरांत होते, म्हणून हा विषय महत्त्वाचा आहे.

कमरेची रचना

आपल्या कमरेत पाच मणके असतात. त्यांना वरून खाली एल १ ते एल ५ अशी नावे आहेत. त्याखाली माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी असते, त्याचा पहिला भाग एस १. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. चकतीच्या कडेला चिवट तंतूंचे वेढे आणि मध्यभागी मऊ गर असतो. तरुणपणी या गरात सुमारे ८० टक्के पाणी असते. वयाबरोबर ते कमी होत जाते.

मोठ्या माणसाच्या चकतीला रक्ताचा थेट पुरवठा जवळपास नसतो. ओल जशी मातीतून हळूहळू झिरपते, तसे तिचे पोषण वरच्या व खालच्या मणक्यांतून झिरपत येते. हालचालीने दाब कमी-जास्त होत राहिला की हे झिरपणे चांगले होते. म्हणूनच कंबर दुखते म्हणून महिना-महिना अंथरुणावर पडून राहणे हिताचे नाही. धूम्रपानानेही हे पोषण कमी होते.

चकत्यांच्या मागून मज्जातंतूंची पिशवी जाते आणि प्रत्येक मणक्यापाशी तिच्यातून दोन बाजूंना दोन शिरा निघतात. वजन आणि वाक यांचा सर्वात जास्त भार एल ४–एल ५ आणि एल ५–एस १ या शेवटच्या दोन चकत्यांवर येतो. बहुतेक बिघाड तेथेच आढळतात.

यंत्र काय पाहते?

एम.आर.आय. यंत्रात क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओ लहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनचा ठाव घेऊन चित्र तयार केले जाते. या तंत्राच्या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चित्राच्या एका प्रकारात पाणीदार भाग पांढरा दिसतो आणि पाणी कमी झालेला भाग काळा. चकती काळी दिसते असे सांगितले, तर तिच्यातील ओलावा कमी झाला आहे एवढाच त्याचा अर्थ.

तपासणीला साधारण अर्धा तास लागतो, हलून चालत नाही आणि यंत्राचा आवाज मोठा असतो. आत जाताना मंगळसूत्र, जोडवी, किल्ल्या असे धातूचे सर्व काढून ठेवावे. हृदयाला पेसमेकर बसवला असेल, शरीरात जुनी सळई अथवा पट्टी असेल, किंवा वेल्डिंग वा ग्राइंडिंग करताना डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर ते आधी अवश्य सांगावे.

चित्रात झीज दिसते, फुगवटा दिसतो. वेदना मात्र चित्रात दिसत नाही. ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

अहवालातील शब्द

१. डेसिकेशन किंवा डीजनरेशन : चकतीतील पाणी कमी होणे, झीज होणे. केस पिकण्यासारखाच हा वयाचा भाग आहे.

२. बल्ज : चकतीचा घेर चहूबाजूंनी थोडा बाहेर येणे. हवा कमी झालेल्या टायरची बाजू फुगते, तसे.

३. प्रोट्रुजन : चकतीचा एका ठिकाणी बाहेर आलेला फुगवटा.

४. एक्स्ट्रुजन आणि सिक्वेस्ट्रेशन : पहिल्यात गर वेढा फोडून बाहेर येतो, दुसऱ्यात त्याचा तुकडा सुटा होतो. यात शिरेवर दाब येऊन पायात कळ जाऊ शकते. मात्र बाहेर आलेला गर शरीर स्वतः शोषून घेते, असेही पुष्कळदा घडते. सुटा झालेला मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा अधिक वेळा आक्रसतो.

५. लॉस ऑफ लॉर्डोसिस : कमरेची स्वाभाविक कमान सरळ दिसणे. स्नायू आखडल्याने किंवा तपासणीच्या वेळी गुडघे दुमडून झोपल्यानेही असे दिसते.

६. फॅसेट आर्थ्रोपथी, ऑस्टिओफाइट : मणक्यामागच्या लहान सांध्यांची झीज आणि हाडाला फुटलेले कोंब.

७. कॅनल स्टेनोसिस : मज्जातंतूंचा मार्ग अरुंद होणे. तो फार अरुंद झाल्यास थोडे चालले की पाय भरून येतात आणि बसले किंवा पुढे वाकले की आराम पडतो.

८. लिस्थेसिस : एक मणका दुसऱ्यावर पुढे सरकणे. 'मणका सरकला' हा शब्द खरे तर यालाच लागू आहे, चकतीच्या फुगवट्याला नव्हे.

९. हेमँजिओमा : मणक्यातील रक्तवाहिन्यांचा पुंजका. नाव ऐकून लोक गाठ समजून घाबरतात, परंतु बहुतेकदा तो निरुपद्रवी असतो.

आणि आपल्याकडे सर्रास म्हणतात ती 'गॅप'? चकती झिजल्यावर दोन मणक्यांतील अंतर वाढत नाही, उलट कमी होते. गॅप पडली म्हणून मणके सुटे होतील, ही भीती निराधार आहे.

न दुखणाऱ्या कमरेचा अहवाल

एक प्रश्न आपण सर्वांनी स्वतःला विचारावा. ज्यांची कंबर दुखत नाही, त्यांचा एम.आर.आय. काढला तर काय दिसेल?

अमेरिकेत याचा अभ्यास झाला आणि तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांची तपासणी केली, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एका ठिकाणी बल्ज आणि २७ टक्के लोकांत प्रोट्रुजन आढळले. सर्व चकत्या निर्दोष असलेले फक्त ३६ टक्के निघाले. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात काहीही न दुखणाऱ्या ३,११० लोकांची माहिती होती. चकतीची झीज विशीत ३७ टक्के, चाळिशीत ६८ टक्के, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांत होती. बल्ज चाळिशीत ५० टक्के आणि पन्नाशीत ६० टक्के लोकांत होता. हे सारे लोक हिंडते-फिरते होते.

याचा अर्थ फुगवटा कधीच दुखत नाही असा घेऊ नये. कंबर दुखणाऱ्यांमध्ये हे दोष न दुखणाऱ्यांपेक्षा अधिक सापडतात. परंतु केवळ फुगवटा दिसला म्हणून दुखणे त्याचेच, असे ठरवता येत नाही.

नवे पान की जुने पान?

आता आपल्या शेतातला दाखला घेऊ. आपल्या भागातील काळ्या जमिनींचे माती परीक्षण केले, तर सामू ८ च्या पुढे आणि चुनखडीचे प्रमाण जास्त असे अनेकांच्या अहवालात येते. तरीही त्या सर्वांचे सोयाबीन पिवळे पडत नाही. ज्याचे पडते, त्याच्या अहवालात चुनखडी आहे म्हणून आम्ही लगेच लोहाची कमतरता ठरवत नाही. आधी शेतात जाऊन पान पाहतो. शेंड्याकडील नवे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील, तर लोहाचा संशय येतो. खालची जुनी पाने पिवळी असतील, तर नत्राचा. सरीत पाणी साचले असेल, तर कारण तिसरेच. अहवाल आणि पान यांचे जुळले, तरच शिफारस देतो.

तज्ज्ञ डॉक्टरही असेच करतात. एल ४–एल ५ ची चकती बहुधा एल ५ ची शीर दाबते. त्या वेळी कळ मांडीच्या व पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पावलाच्या वरच्या भागात, अंगठ्याकडे जाते, अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते आणि टाचांवर चालणे जड जाते. एल ५–एस १ ची चकती एस १ ची शीर दाबते. तेव्हा मुंग्या करंगळीकडे व तळव्याला येतात आणि चवड्यांवर चालणे कठीण होते. म्हणून डॉक्टर आपल्याला टाचांवर व चवड्यांवर चालायला लावतात, पाय सरळ वर उचलून पाहतात, गुडघ्यावर लहान हातोडी मारतात. डाव्या बाजूला फुगवटा आणि कळ मात्र उजव्या पायात, असे असेल तर तो फुगवटा दोषी नाही.

दादांची तपासणी अशीच झाली. दोन्ही पायांची ताकद पूर्ण होती, बधिरपणा नव्हता आणि कळ गुडघ्याखाली जात नव्हती. शस्त्रक्रियेची गरज नाही, वयाची झीज आणि कामाची पद्धत यांचे हे दुखणे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. पाठीचे व पोटाचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकवले, रोज चालायला सांगितले आणि कोणती कामे कशी बदलायची हेही सांगितले. बैलांचा सौदा मोडला. मुलाने पदविका पूर्ण केली. कंबर पूर्ण थांबली का? नाही. उसाच्या लागणीच्या दिवसांत ती आजही दुखते. पण त्या दुखण्याची भीती गेली आणि ते सावरून काम करायला शिकले.

दुर्लक्ष कोठे करू नये?

भीती बाळगू नये हे जितके खरे, तितकेच काही लक्षणे अंगावर काढू नयेत हेही खरे. पुढील लक्षणे असल्यास वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

१. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील व बसण्याच्या जागेचा भाग बधिर होणे. यात मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब असतो. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचले पाहिजे. उशीर झाल्यास गेलेला ताबा परत येत नाही. ही गोष्ट संकोचाने लपवली जाते, विशेषतः भगिनींकडून. कृपया लपवू नका.

२. पाऊल लुळे पडणे, चप्पल पायातून नकळत निसटणे, पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होणे.

३. झाडावरून, बैलगाडीतून पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे. वयस्कर माणसात हाडे ठिसूळ झाल्याने साध्या घसरण्यानेही मणका दबतो.

४. संध्याकाळी ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. वेळेवर ओळखल्यास बहुतेक रुग्ण औषधांनी बरे होतात.

५. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीला नव्याने सुरू झालेली पाठदुखी.

जनावरे पाळणाऱ्यांनी आणखी एक आजार ध्यानात ठेवावा, तो म्हणजे ब्रुसेलोसिस, म्हणजेच जनावरांतील सांसर्गिक गर्भपात. गाभडलेल्या गाई-म्हशीचा गर्भ व वार उघड्या हातांनी ओढल्याने किंवा न तापवलेले दूध प्यायल्याने तो माणसाला होतो. येत-जात राहणारा ताप, घाम, सांधेदुखी आणि कंबरदुखी ही त्याची लक्षणे. तो मणक्यातही शिरतो. अशा वेळी गोठ्यात जनावर गाभडले होते, ही माहिती डॉक्टरांना आपणहून द्यावी. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना या रोगाची लस टोचून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे.

यापैकी काही नसेल, तर नव्याने उसण भरलेल्या बहुतेकांना पहिल्या सहा आठवड्यांत एम.आर.आय.ची गरज पडत नाही. त्या काळात बहुतेकांचे दुखणे बरेच कमी होते. दुखणे हटत नसेल, पायात कळ टिकून राहिली किंवा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तर डॉक्टर ही तपासणी सांगतात.

शेतातील काम आणि कंबर

पहारीने दगड हलवताना लांबच्या टोकाला थोडा जोर लावला तरी जवळच्या टोकाला मोठा जोर मिळतो. कमरेत हे उलटे घडते. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात आणि हातातील ओझे ४० सेंटिमीटरवर. २० किलोची पाटी अशी लांब धरली, तर ती तोलायला स्नायूंना सुमारे १६० किलोचा जोर लावावा लागतो. शिवाय वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच.

जर्मनीत विल्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून मोजमाप घेतले. पडून राहिल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, उभे राहिल्यावर ०.५, पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३, गुडघे वाकवून उचलताना १.७ आणि तेच वजन अंगाशी धरून उभे राहिल्यावर १.१ मेगापास्कल भरला. ओझे अंगाशी ठेवण्याने किती फरक पडतो, ते यावरून दिसते. म्हणून पुढील गोष्टी कराव्यात.

१. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली आहे, पण इतर खतांच्या गोण्या ५० किलोच्याच येतात. गोणी दोघांनी उचलावी, किंवा बांधावर फोडून पाटीने खत न्यावे. वैरणीचे भारे लहान बांधावेत.

२. ओझे उचलून कमरेतून पिळा देऊ नये. पाय वळवून मग टाकावे.

३. रात्रभरात चकती पाणी शोषून फुगलेली असते. उठल्या-उठल्या वाकून जड काम करू नये. आधी थोडे चालावे, धारा काढून घ्याव्यात आणि शेणाच्या पाट्या नंतर उचलाव्यात. धार काढताना उकिडवे न बसता लहान स्टूल घ्यावे.

४. खुरपणी आणि भात लावणी सलग करू नये. अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे कंबर मागे ताणावी. ओळीत पेरलेल्या पिकात उभ्याने चालवायचे सायकल कोळपे वापरावे. भातात नेरळचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा राइस तंत्रात चिखलणी व लावणी करावी लागत नाही. त्यामुळे खर्चाबरोबर वाकणेही वाचते.

५. १६ लिटरचा पाठीवरचा पंप ओट्यावर ठेवून मग पाठीस लावावा. जमिनीवरून झटक्याने उचलू नये.

६. ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी कंबरदुखी वाढते. सीटची स्प्रिंग व गादी दुरुस्त ठेवावी, आणि तासन् तास चालवल्यावर लगेच उतरून जड वजन उचलू नये.

बंधू-भगिनींनो, घरात कोणाचा अहवाल आला, तर डॉक्टरांना पाच प्रश्न विचारा. माझे दुखणे आणि चित्रातील दोष जुळतात का? माझ्या पायाची ताकद ठीक आहे का? माझ्या वयाच्या माणसात असे दिसणे नेहमीचे आहे का? शस्त्रक्रिया न करता किती दिवस थांबता येईल? आणि मी कोणते काम चालू ठेवू, कोणते बदलू? शस्त्रक्रिया सुचवली असेल आणि धोक्याचे लक्षण नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यात गैर काही नाही. ही उत्तरे मिळेपर्यंत बैल, जमीन आणि मुलांचे शिक्षण यांविषयी कोणताही निर्णय घेऊ नये.

अजून ज्वारीवरील व्याख्यान बाकी आहे. तेव्हा त्याआधी सर्वांनी जागेवर उभे राहून एकदा कंबर मागे ताणून घ्यावी, अशी विनंती करतो आणि माझे भाषण संपवतो.